उरलेले बत्तीस किलोमीटर

"माई, तुम्ही किती दिवसांत पूर्ण केलीत?"

"चालू आहे."

श्रीरंग धोंगडे हसला. बैराग्यांची उत्तरं अशीच असतात, हे त्यानं ऐकलं होतं.

"तसं नाही. खरंच विचारतोय. साधारण किती दिवस?"

"खरंच सांगतेय."

वेणूमाई गूळ फोडत होत्या. त्यांनी एक खडा त्याच्या हातावर ठेवला आणि पुन्हा बत्ता उचलला.

नर्मदेच्या दक्षिण काठावर सेमरीघाट नावाचं गाव. ओंकारेश्वर तिथून बत्तीस किलोमीटर. गावाच्या कडेला, घाटापासून चाळीस पावलांवर माईंची झोपडी होती. माई मूळच्या चांदूर बाजारकडच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आता वय बहात्तर. डावा पाय अधू. दोन काठ्या टेकत झोपडीपासून घाटापर्यंत जायच्या आणि परत यायच्या, बस एवढंच. परिक्रमेला निघालेला जो कोणी त्या वाटेनं येई, त्याला त्यांच्याकडे चहा मिळे, खिचडी मिळे, आणि पायाला फोड आले असतील तर मलमपट्टीही.

श्रीरंग सिन्नरचा. एका कारखान्यात सुपरवायझर, आणि लांब पल्ल्याचा धावपटू. घरी भिंतभर पदकं. वय त्रेचाळीस. वर्षभरापूर्वी एका शर्यतीत पंचविशीतल्या तिघांनी त्याला शेवटच्या चढावर मागं टाकलं होतं. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून त्यानं परिक्रमा काढली होती. नर्मदा उजव्या हाताला ठेवून तिला पायी फेरा घालायचा. एका काठानं समुद्रापर्यंत, तिथून होडीनं पलीकडे, दुसऱ्या काठानं उगमापर्यंत, आणि वळसा घेऊन जिथून निघालो तिथं परत. मध्ये नदी ओलांडायची नाही. वाहनानं पुढं सरकायचं नाही. लोकांना सहा-सहा महिने लागतात. श्रीरंगनं ओंकारेश्वरहून निघून पंच्याहत्तर दिवसांत परतायचं ठरवलं होतं, आणि निघण्याआधी माईंचा सल्ला घ्यायला तो आला होता.

"पंच्याहत्तर!" माई म्हणाल्या. "छान. बूट दाखव."

त्याला वाटलं होतं, माई बुटांना नावं ठेवतील. अनवाणी चाल म्हणतील. माईंनी बूट उलटे करून तळवे दाबून पाहिले.

"चांगले आहेत. घाल. पण नखं वाढलीत. ती काप, नाहीतर दहाव्या दिवशी अंगठा काळा पडेल."

त्यानं थैली उघडून दाखवली. सुका खाऊ, औषधं, नकाशे, पाणी गाळायची नळी, सुईदोरासुद्धा.

"कशालाच कुणाचं तोंड बघायला लागणार नाही," तो म्हणाला.

माईंनी थैलीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जा," त्या म्हणाल्या. "गावात कुणाच्या तरी दारात उभा राहा आणि चिमूटभर मीठ मागून आण."

"मीठ आहे माझ्याकडे."

"म्हणून तर."

श्रीरंग गेला. गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटं उभा राहिला. मग एका भिंतीआड गेला, थैलीतलं मीठ काढून कागदात बांधलं आणि परत आला.

माईंनी पुडी उघडली. जिभेवर कण ठेवला.

"हे तुझं आहे."

"कशावरून?"

"या गावात सगळ्यांकडे खडेमीठ आहे."

त्याचे कान तापले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. एका दारात बाई उभी होती. तिनं विचारलं, काय पाहिजे? त्यानं घाटाची वाट विचारली. घाट समोरच दिसत होता.

तिसऱ्या दिवशी तो गेलाच नाही. थैली भरून माईंच्या पाया पडला.

"माई, तुमच्या मिठाचा आणि चालण्याचा संबंध मला कळला नाही. मला परवा निघायचंय. काहीतरी कामाचं सांगा."

"ऊन चढायच्या आत निम्मं चाल. मोजे रोज धू. नदी उजव्या हाताला ठेव."

"आणि?"

"आणि... मीठ राहिलं."

*

पहिले चाळीस दिवस त्याच्या मनासारखे गेले. समुद्र आला, होडी आली, दुसरा काठ लागला. वाटेत लोक हाका मारायचे, "नर्मदे हर! चहा घेऊन जा!" तो हात उंचावून पुढं जायचा. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत होतं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी, उगमाच्या अलीकडच्या सालवनात, त्याला ताप भरला.

दुपारी तो एका झोपडीच्या ओट्यावर कोसळला. घर एका म्हाताऱ्या गोंड जोडप्याचं होतं. म्हातारीचं नाव फुलियाबाई. तिनं त्याला आत ओढलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, कोदोच्या दाण्यांची पातळ पेज करून आणली.

थैलीत चार दिवसांचं खाणं होतं. त्यातला घासही उतरत नव्हता. पेज उतरत होती, पण अळणी होती.

त्यानं म्हातारीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

"काय रे?" तिनं विचारलं.

"मीठ..." तो म्हणाला. "थोडं मीठ... मिळेल?"

ती उठली. मडक्यातून एक खडा काढून तिनं पेजेत टाकला आणि बोटानं ढवळला. एवढंच झालं. श्रीरंग भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. का ते त्याला सांगता आलं नसतं.

पाच दिवस तो तिथं होता. कोण, कुठला, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. निघताना त्यानं तिच्याकडे मिठाचा आणखी एक खडा मागून घेतला आणि पानात बांधला.

पण पाच दिवस गेले होते. ते भरून काढायलाच हवेत, असं त्याला वाटलं. उगमाला वळसा घालून तो दक्षिण काठानं पश्चिमेकडे निघाला आणि दिवसाला पन्नास-पन्नास किलोमीटर कापू लागला.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी दुपारी तीन वाजता सेमरीघाट आलं. आता फक्त बत्तीस किलोमीटर उरले होते. उद्या दुपारपर्यंत ओंकारेश्वर. त्याचा मित्र सुहास धावण्याच्या क्लबच्या मंडळींना घेऊन तिथं येऊन थांबला होता. हार आणले होते, ढोलताशाही ठरवला होता.

माईंच्या हातावर त्यानं पान ठेवलं. माईंनी ते उघडलं, खडा चाटला.

"हे तुझं नाही," त्या म्हणाल्या आणि प्रसन्न हसल्या. "बस. चहा ठेवते."

*

चहा होईपर्यंत श्रीरंग बाहेर येऊन बसला. गावातला होडीवाला रेवाराम माईंसाठी लाकडं टाकायला आला होता. झोपडीच्या भिंतीवर एक काठी, कमंडलू आणि झोळी टांगलेली होती. धुळीचा कण नव्हता त्यावर.

"माईंची परिक्रमा झाली, तेव्हाचं सामान का हे?" श्रीरंगनं विचारलं.

रेवाराम त्याच्याकडे पाहतच राहिला.

"झाली कुठं? तेरा वर्षांपूर्वी इथवर आल्या. हा पुढचा नाला दिसतो ना? त्याच्या उतारावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही जीपमधून खांडव्याला नेलं. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाल्या, जिथं पाऊल थांबलं तिथंच परत नेऊन सोडा. आणून सोडलं. तेव्हापासून इथंच. लोक म्हणतात आश्रम. त्या म्हणतात मुक्काम."

श्रीरंग उठून आत गेला.

"माई, तुम्ही मला फसवलंत."

"काहून?"

"तुमची परिक्रमा झालेली नाही."

"पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं.

"लोक गाडीतून न्यायला तयार होते," माई म्हणाल्या. "डोलीतून न्यायला तयार होते. पण मी चालत निघाले होते."

"मग चालत का नाही गेलात?"

"माझ्या चालीनं कोण चालणार रे? दिवसाला हजार पावलं, पंधराशे पावलं. इथून जाणाऱ्या प्रत्येकाला पुढं पोचायचं असतं."

"कुणाला विचारलंत?"

माई चहा गाळत होत्या. हात थांबला.

"तेरा वर्षांत एवढी माणसं गेली या दारावरून. एकाला तरी म्हणालात, मला घेऊन चल?"

माईंनी गाळणी खाली ठेवली.

"मला मिठासाठी दोनदा पाठवलंत. तुम्ही कितीदा गेलात, माई?"

चहा निवत राहिला. माईंनी मान खाली घातली होती. मग त्या बोलल्या. आवाज बारीक झाला होता.

"हाड मोडलं तेव्हा आवाज आला होता. मी नर्स. आवाजावरनंच कळलं. रोज घाटावर जाते तेव्हा तो उतार दिसतो... आणि तो आवाज येतो."

श्रीरंग वळला. तो झोपडीबाहेर गेला.

माईंना वाटलं, गेला.

तो दाराशी येऊन उभा राहिला. पाठीवरची थैली उतरवली होती. तिचंच तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं होतं.

"नर्मदे हर! माई, भिक्षा वाढा."

"काय रे हे..."

"परिक्रमावासी दाराशी उभा आहे. भिक्षा वाढा."

"काय पाहिजे?"

"बत्तीस किलोमीटर."

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"माझे बत्तीस माझ्याकडे आहेत," तो म्हणाला. "मला तुमचे हवेत."

नदीवरून वारा येत होता. रेवाराम लाकडं तशीच टाकून उभा राहिला.

"सगळे एकदम?" माईंनी विचारलं.

"जमतील तसे."

माई काठीवर रेलून उठल्या. भिंतीवरची झोळी काढली.

श्रीरंगनं बाहेर जाऊन सुहासला फोन लावला.

"उद्या येत नाही मी."

"काय झालं? पाय गेला का?"

"नाही. एका बाईंबरोबर चालायचंय. दोन महिने लागतील."

"श्रीरंग, बत्तीस किलोमीटर उरलेत! चार तासांचं काम आहे! इथं ताशेवाले आलेत!"

"त्यांना जेवू घाल," श्रीरंग म्हणाला. "आणि हार घाटावरच्या बाप्पाला."

मग सुहासनं फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव नाल्याशी जमलं. माई उताराच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. दोन काठ्या रोवल्या. पुढं पाऊल पडेना.

श्रीरंगनं हात पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"येतोय," त्या पुटपुटल्या. "आवाज येतोय."

कुणीतरी म्हणालं, उचलून घ्या. माईंनी मान हलवली.

श्रीरंगनं थोडा विचार केला. मग तो माईंच्या पुढं जाऊन उतारावर चक्क बसला आणि बसल्या बसल्याच हातभर खाली सरकला.

"या. असं."

"लाज वाटत नाही का रे तुला? घोडा झालास."

"नाही वाटत. या."

माईंनी आजूबाजूला पाहिलं. मग काठ्या रेवारामच्या हातात दिल्या, लुगडं आवरलं, आणि बसल्या. एक हातभर सरकल्या. दोन हात. मध्येच थांबून म्हणाल्या, "याला चालणं म्हणतात का?"

"पाय जमिनीला लागतायत ना?"

"लागतायत. बाकीचंही लागतंय."

सगळा नाला हसला. माईही हसल्या. हसता हसताच त्या तळाला पोचल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आवाज आलाच नाही. त्यांनी मागं वळून उतार पाहिला. जेमतेम दोन पुरुष उंचीचा होता.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी एकशे सत्तर पावलं झाली.

पुढं मग रोज तसंच सुरू झालं. उजाडलं की श्रीरंग पुढं जायचा. नजरेच्या टप्प्यात जे घर, जी झोपडी, जे शेतातलं छप्पर दिसेल तिथं उभा राहायचा.

"नर्मदे हर! मी श्रीरंग. माझ्याबरोबर माई आहेत. संध्याकाळपर्यंत तुमच्या दारापर्यंत येतील. आजचा मुक्काम तुमच्याकडे होईल का?"

पहिल्या पाच-सहा दारांत त्याची जीभ अडखळली. नंतर सरावली. कुठं भाकर मिळाली, कुठं नुसतं ताक, एका घरी म्हैस व्याली होती म्हणून खरवस. एकानं दार लावून घेतलं. श्रीरंगनं नमस्कार केला आणि शेजारच्या दारात गेला. त्याला काहीच वाटलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

घड्याळ त्यानं काढलं नव्हतं. कारण माईंनाच ते आवडायचं.

"आज किती?"

"सोळाशे बारा."

"अगं बाई!"

हरभरा सोंगणीला आला. पळस फुलला. होळी वाटेतल्या एका वाडीत झाली. वाडीतल्या बायकांनी माईंना रंगवून काढलं आणि दुसऱ्या दिवशी रंगलेल्या लुगड्यानंच त्या बावीसशे पावलं चालल्या.

एकदा माईंचा पाय सुजला. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि आठ दिवस हलायचं नाही म्हणाले. आठ दिवस श्रीरंग एका गव्हाच्या खळ्यावर बसून राहिला. चौथ्या दिवशी तो अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागला.

"काय होतंय?" माईंनी विचारलं.

"पाय वळवळतायत. बसवत नाही."

"मी तेरा वर्षं बसले."

"कशा बसलात?"

माईंनी समोरचं सूप त्याच्याकडे सरकवलं.

"गहू निवड."

त्यानं गहू निवडले. संध्याकाळपर्यंत त्या घरच्या दोन पोती गव्हातले खडे निघाले. घरमालकीण खूश झाली.

त्याच मुक्कामात एके संध्याकाळी रस्त्यानं एक जण लंगडत, पण भराभर येताना दिसला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. पायात श्रीरंगसारखेच बूट. पाठीवर तशीच थैली.

"पाणी मिळेल का?" त्यानं लांबूनच विचारलं.

श्रीरंगनं पाणी दिलं, त्याला खाली बसवलं, बूट काढायला लावला. टाच सोलून निघाली होती.

"कितवा दिवस?"

"एकाहत्तरावा. उद्या ओंकारेश्वर! बाहत्तर दिवसांत होईल काका. इतक्या लवकर आमच्याकडे कुणीच केलेली नाही."

पट्टी गुंडाळणारे श्रीरंगचे हात थांबले.

माई सुपाआडून पाहत होत्या.

श्रीरंगनं पट्टीचा आणखी एक वेढा घेतला. गाठ मारली. मग आपल्या थैलीतून धुतलेले मोजे काढून त्या पोराच्या पायात चढवले.

"ऊन चढायच्या आत निम्मं चाल," तो म्हणाला. "म्हणजे उद्या दुपारच्या आत पोचशील. पळ."

तो पोरगा गेला. वळणावर त्यानं हात उंचावला. श्रीरंगनंही उंचावला. मग तो परत येऊन बसला, सूप ओढलं, आणि काही वेळानं शीळ घालू लागला. त्याची शीळ माईंनी पहिल्यांदाच ऐकली.

*

एकसष्टाव्या दिवशी सकाळी ओंकारेश्वरचा घाट सहाशे पावलांवर होता.

श्रीरंग उठून बाहेर आला आणि जागीच थांबला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. खळ्याची मालकीण होती. वाडीतल्या बायका होत्या. खरवस देणारा म्हातारा नातवाच्या खांद्याला धरून उभा होता. सेमरीघाटहून रेवाराम ट्रॅक्टरभर लोक घेऊन आला होता. ज्या ज्या घरी मुक्काम झाला, त्या प्रत्येक घरचं कुणी ना कुणी होतं. दार लावून घेणारा माणूसही होता. सगळ्यांच्या मागं, हातात नारळ घेऊन.

आणि सुहास होता. सिन्नरहून आला होता. तो पुढं झाला, श्रीरंगकडे पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाला,

"त्या दिवशी मी फोन आपटला."

"ताशेवाले जेवले का?"

"जेवले," सुहास म्हणाला. "आजही आणलेत."

माई बाहेर आल्या. त्यांनी ती गर्दी पाहिली. मग त्यांनी उजवी काठी पुढं टाकली.

सहाशे पावलं. ताशा वाजत होता आणि त्याची लय माईंच्या काठ्यांनी ठरवली होती. काठी टेकली की टिपरी पडायची. शेकडो माणसं त्या लयीत चालत होती. कुणीही माईंच्या पुढं गेलं नाही. धावणारी पोरं पुढं जाऊन परत मागं यायची. रस्त्याकडेची दुकानं थांबली, गाड्या थांबल्या. कुणीतरी विचारलं, "कोण मोठे महाराज आलेत?" रेवाराम ओरडला, "आमच्या माई आल्यात!"

घाटाच्या पहिल्या पायरीशी माई थांबल्या. साडेतेरा वर्षांपूर्वी त्या इथून निघाल्या होत्या.

श्रीरंगनं आधार दिला. एक पायरी. दुसरी. अकरावी पायरी पाण्याखाली होती. माईंनी पाऊल पाण्यात ठेवलं.

"नर्मदे हर!" घाट दणाणला.

श्रीरंगचंही पाऊल त्याच पायरीवर होतं. कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. किती दिवस झाले ते मोजायचं तो विसरूनच गेला होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानं ते खांद्याला पुसले. माईंनी ओंजळभर पाणी घेतलं, आधी त्याच्या डोक्यावर शिंपडलं, मग स्वतःच्या.

आता परिक्रमा झाली होती. आता नदी ओलांडायला हरकत नव्हती. ओंकारेश्वराचं देऊळ नदीतल्या बेटावर आहे. तिथं जाऊन पाणी वाहायचं, की सगळं पुरं झालं.

बेटावर जायला पूल आहे. लांब, सपाट. खाली हिरवं, खोल पाणी.

पुलाच्या तोंडाशी गर्दी आपोआप मागं थांबली. श्रीरंग नेहमीसारखा माईंच्या डाव्या बाजूला आला. त्यानं त्यांचा दंड धरला.

माईंनी पुलाकडे पाहिलं. वारा त्यांचे पांढरे केस उडवत होता. त्यांनी एक काठी सुहासच्या हातात दिली. एकच ठेवली.

"माई, धरतो मी. खाली खोल आहे."

माई त्याच्याकडे वळल्या. एकसष्ट दिवसांत त्यांचा चेहरा इतका तरुण त्यानं पाहिला नव्हता.

"हात सोड, श्रीरंगा. पाण्यावरून एकटीनं चालू दे."